वरच्या खोलीची घरपट्टी

सरकारी खिडकीपुढे अक्का कधी वाकल्या नाहीत. खिडकी बुटकी असली की बाहेर ताठ उभं राहून आतल्याला म्हणायच्या, "मी वाकाव नही. तूच उभा ऱ्हाय, भाऊ." आणि तो उभा राहायचाही.

धुळ्यात देवपूरला आमची भिंतीला भिंत. नवरा गेल्यावर अक्का एकट्याच राहत. वरची खोली रिकामी होती, म्हणून साक्रीकडच्या एका खेड्यातली रेखा त्यांनी नर्सिंग शिकायला ठेवून घेतली. नात्याची नाही, गोत्याची नाही. भाड्याचा विषय कुणी काढलाच तर अक्का म्हणत, "पोर शिकी ऱ्हायनी, दुकान नही मांडेल."

घरपट्टीच्या पाहणीला आलेल्या माणसाने गच्चीवर वाळणारा रेखाचा गणवेश पाहिला आणि 'भाड्याने' असं लिहून तो मोकळा झाला. पट्टी एकदम वाढून आली. घर स्वतःच्या राहण्याचं आहे, सवलत मिळावी, असा अर्ज मी लिहून दिला आणि अक्कांबरोबर गेलो. कारकून म्हणाला, "मुलगी भाडं देत नाही, याचा पुरावा आणा."

अक्का भडकल्या. "जे भाडं लिधं नही, त्यानी पावती कोठून लयू?"

सुनावणीला रेखालाही बोलावलं. साहेबांनी विचारलं, "राहण्याच्या बदल्यात तू काय देतेस?" पोर घाबरली. म्हणाली, "काही नाही साहेब. अक्कांचे गुडघे दुखतात, तेवढे चेपून देते."

साहेबांनी मान हलवली. निकाल आला : मुलगी सेवेच्या मोबदल्यात राहते, सबब सवलत नामंजूर. माया हा मोबदला! आजही आठवलं की डोकं तापतं.

रेखाने त्याच दिवशी बॅग भरली. अक्कांनी ती उलटी करून कपडे पलंगावर ओतले. "परीक्षा दी, मंग जाय," एवढंच म्हणाल्या आणि वाढीव पट्टी भरून आल्या. गुडघ्यांना मात्र पुन्हा तिला हात लावू दिला नाही.

रेखा पास झाली, जळगावला एका दवाखान्यात लागली. नंतरच्या पाहणीत वर कुलूप दिसलं आणि न मागता पट्टी कमी झाली. मी आनंदाने ते बिल घेऊन गेलो. अक्कांनी ते वाचून बाजूला ठेवलं. डोळे भरले होते, पण आवाजात आगच होती. "पोर गई, तवय घर मन्हं व्हयनं का?"

शाळा-कॉलेजं उघडायच्या आधी शिरपूरकडची दुसरी मुलगी वर राहायला आली. मग अक्का होत्या तोवर ती खोली कधी रिकामी राहिली नाही. आता अक्का नाहीत. पाहणीवाला आला की त्या फाटकापाशी उभ्या राहत, तशा अजून दिसतात. तो काही विचारायच्या आतच म्हणत, "लिख भाऊ, वर पोर राहस."