आबांच्या खोलीतली उष्णता

एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत त्यांना फुस्स म्हणत. जुना गॅस काढायचा म्हणजे पाना फिरवून व्हॉल्व्ह उघडायचा, गॅस फुस्सकन हवेत जातो आणि आपण मोकळे. तसं सगळेच करायचे, पण ह्यांचा हात सगळ्यांत जलद. वीस वर्षं झाल्यावर लोकांनी पुढे 'राव' जोडलं, एवढीच काय ती पदोन्नती.

मागच्या उन्हाळ्यात फुस्सरावांची आई गेली. गच्चीखालच्या खोलीत, भर दुपारी, पंखा चालू असताना. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. त्या वेळी फुस्सराव एका कापडदुकानात तळहात धरून, हवा पुरेशी गार येते का ते बघत होते. घरी आले, करायचं ते सगळं केलं आणि चौथ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. येईल म्हणून काही दिवस वाट पाहिली, पण धंद्याचा हंगाम होता, तेही राहून गेलं.

वडील, म्हणजे आबा, त्याच खोलीत राहिले. खाली चला म्हटलं की म्हणायचे, "तिची कॉट इथे आहे." कॉट खाली नेऊ म्हटलं तर, "जिन्यात मावत नाही." मावत होती.

तेव्हा यंदा त्या खोलीत एसी बसवायचाच, असं ठरलं. गिऱ्हाइकाने काढून टाकलेलं चांगलं मशीन होतं, चौकटही ठोकून झाली होती. नळ्या जोडून गॅस भरायचा राहिला होता, तो राहिलाच. दिवसाला नऊ-नऊ घरं. आबा विचारायचे, "आज?"

"उद्या, आबा."

त्यातच प्रशिक्षणाचं कार्ड असल्याशिवाय कंपनी काम देईना, म्हणून फुस्सराव तीन दिवस बाकावर बसले. शिकवणारे सर त्यांच्या निम्म्या वयाचे.

"उन्हाने जमीन तापते आणि ती उष्णता परत वर, आकाशात जाते," सर म्हणाले. "हवेतले काही वायू तिला वाटेत धरतात आणि थोडी खाली पाठवतात. ते मुळीच नसते तर आपण गोठलो असतो. पण कोळसा, पेट्रोल जाळून आपण ते वाढवत सुटलोय."

"म्हणजे आउटडोअरची, एसीच्या बाहेरच्या डब्याची, जाळी चोंदली," फुस्सराव म्हणाले.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर. तुम्ही खोली गार करता, म्हणजे नेमकं काय करता?"

"हमाली. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. थंडी अशी काही वस्तूच नसते."

"तसंच. पृथ्वीला उष्णता टाकायला एकच जागा, वर. तीच जाळी चोंदतेय. तुम्ही जुन्या मशीनमधला गॅस हवेत सोडता ना, त्याचा एक किलो म्हणजे जवळजवळ दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढा कचरा त्या जाळीत."

मागून कुणीतरी ओरडलं, "फुस्सराव, एकट्याने उन्हाळा आणलात की हो!"

सगळे खदखदले. फुस्सरावही हसले. ह्या गोष्टीचा आईशी काही संबंध जोडावा, असं एकदा मनात आलं. पण आत नुसतं बधिर, दाढ काढल्यावर गाल असतो तसं.

तिथून पुढे ते गॅस ओढून टाकीत भरायचं यंत्र घेऊन फिरू लागले. एकेका मशीनला पाऊण तास. नऊ घरांची पाच झाली, उरलेली दुसऱ्या दिवशी ढकलली जायची आणि आबांचं 'उद्या' आणखी लांबायचं.

एका मंगळवारी एका बंगल्यातलं जुनं, कॉम्प्रेसर बंद पडलेलं मशीन उतरवायचं होतं. त्यांनी यंत्र जोडलं. घरच्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या.

"अहो, मागच्या वेळी दोन मिनिटांत झालं होतं. आज काय दूध काढताय?"

तेवढ्यात आबांचा फोन. "पंख्यातून नुसती वाफ येतेय रे. उठलो तर भोवळ आली. असो, तू कर तुझं काम."

आबा सहसा फोन करत नसत. फुस्सरावांनी शेजारच्या काकूंना फोन लावला, आबांना खाली न्यायला सांगितलं. पाच मिनिटांत काकूंचा उलटा फोन. "कॉटला धरून बसलेत हो, सोडतच नाहीत."

यंत्राच्या काट्याप्रमाणे अजून अर्धा तास होता. फुस्सरावांनी यंत्र सोडवलं, पाना लावला आणि व्हॉल्व्ह उघडला. फुस्स. आवाज संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. वाईट वाटेल म्हणून थांबले असावेत. वाटलं नाही.

"बघा, झालं की नाही पटकन!" बाई म्हणाल्या.

घरी आबा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते आणि काकू त्यांना घोटघोट पाणी पाजत होत्या.

"मेलो नाही अजून," आबा म्हणाले. "सावकाश जेवून ये."

फुस्सराव जेवले नाहीत. नळ्या जोडल्या, गॅस भरला, जोडांवर साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतोय का ते पाहिलं, मशीन चालू केलं. अर्ध्या तासात आबांनी चादर ओढून घेतली आणि ते झोपले. छाती वर, छाती खाली. फुस्सराव स्टुलावर बसून बघत राहिले. मशीन उत्तम चालत होतं. एक उन्हाळा उशिरा, पण उत्तम.

समोरच्या खिडकीतून, घरी परतलेल्या काकूंची हाक आली. मधली गल्ली दोन हातांची, आउटडोअरचं तोंड नेमकं त्यांच्या स्वयंपाकघराकडे.

"अहो, तुमच्या आबांची सगळी गरमी माझ्या ओट्यावर येतेय! खिडकी लावली तर जीव गुदमरतो."

"मग?"

"मग काय, आम्हालाही एक बसवून द्या."

"गुरुवारी चालेल?"

"चालेल की."

"आणि तुमच्या आउटडोअरचं तोंड कुठे करायचं?"

"कुठेही करा," काकू खिडकी लावता लावता म्हणाल्या, "आमच्याकडे नको म्हणजे झालं."