काकांची अंबाडी

इंग्लंडात रीडिंगला राहणाऱ्या आमच्या काकांच्या हातून आजवर एकही गोष्ट आखूड झालेली नाही. जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत भूल देत आले आणि रिटायर झाल्यावर तेच काम गप्पांनी चालू ठेवलंय. "निघतो हं" म्हणाले की पुढे अर्धा तास दार उघडं टाकून उभे, आणि घरात हीटिंग चालू! त्यांनी विणलेला मफलर आम्ही नवरा-बायको दोघं मिळून गुंडाळतो.

मागच्या वर्षी काकू गेल्या. त्यांनी राखून ठेवलेलं चिमूटभर अंबाडीचं बी तेवढं डब्यात उरलं होतं. काकूंच्या हातची अंबाडीची भाजी, वर लसणीची फोडणी. जगात ही एकच गोष्ट काकांना गप्प बसवायची. या वसंतात सगळं बी त्यांनी कन्झर्व्हेटरीतल्या, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीतल्या, टबात पेरलं. "एकदा ती भाजी खायचीय गं," म्हणाले. काकांचं इतकं छोटं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

रोप एकच उगवलं, पण काय सुटलं म्हणता! पंजासारखी पानं, आणि दोन पानांच्या मध्ये वीतभर नुसता दांडा. "उजेडाकडे धावतंय बिचारं," काका कौतुकाने सांगायचे. बांबूच्या काठ्या पुरेनात, तेव्हा हॉस्पिटलात घालायचे टाय काढून त्याला बांधले. शेंडा छताच्या काचेला टेकला तरी थांबायचं नाव नाही. तिथून आडवं निघालं. एकदा पान चावून म्हणाले, "आंबट नाही. इथे ऊनच नाही, तर आंबटपणा येणार कुठून?" सगळा दोष इंग्लंडच्या हवेवर ढकलून मोकळे! उग्र वासाचं विचारलं, तर तो म्हणे खताचा.

मग एका रविवारी डबा द्यायला म्हणून मी आणि माझी इथेच जन्मलेली लेक त्यांच्याकडे गेलो. ती आत शिरली आणि किंचाळली, "ओ माय गॉड! आजोबा, हा वीड आहे!"

काका दुखावले. "अगं, तण मी रोज उपटतो. हे तण असतं तर ठेवलं असतं का?"

"तण नाही आजोबा! वीड वीड! पोलीस येईल!"

"म्हणजे... गांजा?" काका मटकन खुर्चीत बसले. "अगं, जन्मभर कायद्याने भूल दिली मी!"

मी हसून हसून बेजार. उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काका पाखरांचं खाद्य रोज त्याच टबापाशी उभं राहून बागेत टांगायच्या भांड्यात भरायचे, तेही सढळ हाताने. त्या खाद्यात भांगेचं बीही असतं; त्यातलाच एखादा दाणा रुजला असणार.

"म्हणजे तिचं बी वाया गेलं," काका म्हणाले, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

टायच्या गाठी एकेक सोडवून त्यांनी स्वतःच ते उपटलं. तेव्हा दिसलं, खाली त्याच्या सावलीत एक बोटभर रोप अंग चोरून उभं होतं. तांबूस दांडा, दोन-चार पानं. काकांनी एक पान खुडलं, अर्धं मला दिलं, अर्धं तोंडात टाकलं.

"आंबट आहे गं."

एवढंच. त्या दिवशी ते आम्हाला पोचवायला दारापर्यंतही आले नाहीत. टबापाशीच बसून राहिले. मी दार हळूच ओढून घेतलं.