नकाशावरची पिन

मी विश्रांतवाडीत महापालिकेच्या बालवाडीत शिकवते, मानधनावर. दरवर्षी उन्हाळ्यात आम्हाला घरोघरी फिरून मुलं गोळा करावी लागतात. पट घसरला की वर्ग बंद, आणि वर्गाबरोबर बाईही. त्यामुळे परक्या दारात उभी राहून मी आमच्या शाळेचे गोडवे गाते: पुस्तकं फुकट, खाऊ फुकट, बाई प्रेमळ. प्रेमळ बाई म्हणजे मीच.

त्या वर्षी माझी मुलगी नर्सरीच्या वयाची झाली आणि आम्ही तिचा अर्ज पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत भरायचं ठरवलं. खासगी शाळांत पाव हिस्सा जागा आमच्यासारख्यांच्या मुलांना फुकट मिळतात. नंबर लॉटरीने लागतो, आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी. मी आणि नवरा आठवडाभर जेवताना तेच बोलत होतो. जवळच्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेवर सगळी विश्रांतवाडी तुटून पडणार. आळंदी रस्त्याच्या पलीकडच्या साध्या शाळेला गर्दी कमी, पण ती लांब. नवरा म्हणाला, दोन्ही घाल. मी नावाजलेली पहिली घातली. मला तीच हवी होती, खोटं कशाला बोलू.

अर्ज मी मधल्या सुट्टीत, वर्गात बसूनच मोबाईलवर भरला. नकाशावर घराची खूण करायची होती. मी ‘सध्याचं ठिकाण’ दाबलं, पिन पडली, पुढे गेले. दोन दिवसांनी प्रिंट काढली तेव्हा दिसलं की पिन आमच्या घरावर नाही, माझ्या बालवाडीवर पडली आहे. पक्का झालेला अर्ज बदलता येत नव्हता. दुसरा भरला तर दोन्ही बाद. नवऱ्याने अंतर मोजलं. ती इंग्रजी शाळा आमच्या घरापासून किलोमीटरच्या जरा बाहेर होती, बालवाडीपासून आत. तो म्हणाला, असू दे, कोण बघतंय. मला मात्र कधी नंबर लागू नये असं वाटायचं, कधी लागायलाच हवा असं.

त्यातच पटनोंदणी सुरू झाली. एका चाळीत एका बाईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग मुलीला कडेवर घेत विचारलं, “बाई, तुमच्या मुलीला कुठल्या शाळेत घालताय?”

मी म्हणाले, ती अजून लहान आहे.

“आमचीपण लहानच आहे,” ती म्हणाली आणि तिने दार लोटलं.

नंबर लागला. पहिल्याच शाळेत. नवऱ्याने पेढे आणले. मी एकही खाल्ला नाही.

कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी टेबलामागच्या साहेबांनी भाडेकरार आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर करून म्हणाले, “ताई, आपण बालवाडीतच राहता का?” मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी न तोडता ऐकलं.

“सगळे चुकून जवळच येतात,” ते म्हणाले. “चुकून लांब गेलेलं अजून कोणी भेटलं नाही.”

मग त्यांनी लाल पेनने शेरा मारला. दुसरी शाळाही गेली, कारण अर्जच बाद झाला होता.

जूनमध्ये माझी मुलगी माझ्याच वर्गात आली. दुसरीकडे कुठे नेणार होते तिला? पट तरीही कमीच होता. पालकसभेत आमच्या मुख्याध्यापिकांनी मला पुढे बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की या बाईंनी पोटची मुलगी आपल्या शाळेत घातली, याहून मोठी खात्री काय द्यायची. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगितलं तर वर्ग जाणार, म्हणून मी गप्प राहिले.

सभा संपल्यावर, मागे उभी राहून ऐकत असलेली ती चाळीतली बाई मुलीचा हात धरून पुढे आली. “त्या दिवशी मी उगाच तोडून बोलले,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर घालते हिला.”

मी मान हलवली आणि हजेरीत तिच्या मुलीचं नाव माझ्या मुलीच्या खाली लिहिलं.