पुढच्या जागेवरचे मास्तर

मास्तर कुणाशीही बोलायला लागले की आधी पाठ फिरवत. विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत हा उद्धटपणा समजला जाई. मी आयटीतल्या नोकरीसाठी अमरावतीहून आलेलो, त्यांच्याच फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहणारा. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. ते गॅलरीच्या कठड्याला टेकून बाहेर बघत आणि मी मागे आहेच असं धरून बोलत.

कारण पुढे कळलं. हवाई दलात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना विमान चालवायला शिकवलं होतं. एकावर एक दोन पंख असलेलं, कापडाने मढवलेलं विमान. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी आणि बोलायला मध्ये एक रबरी नळी. "चेहरा दिसायचा तो उतरल्यावर. तोही बहुधा ओकून आलेला," ते म्हणाले.

एवढंच. जास्त बोलणं त्यांना उधळपट्टी वाटे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा संगणक शिकून अमेरिकेला गेला, तो तिथलाच झाला. त्याच्याबद्दल सोसायटीत कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, "उत्तम आहे. आपलं कसं काय?" आणि समोरच्याचं उत्तर न ऐकता जिना चढू लागत.

एका हिवाळ्यात लोहगावला हवाई कसरती होत्या. तसलंच एक जुनं विमान दुरुस्त करून उडवणार, असं पेपरात आलं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. जेट विमानं कानठळ्या बसवून गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते पिवळं विमान घरघरत सावकाश चढू लागलं, तशी आजूबाजूची माणसं वडापावच्या रांगेकडे वळली. मास्तर उभेच होते. विमानाने वर एक संथ कोलांटी घेतली, तेव्हा त्यांचा उजवा हात किंचित मागे ओढला गेला.

विमान उतरल्यावर मी मास्तरांची ओळख सांगून त्यांना दोरीपलीकडे नेलं. तरुण वैमानिकाने सॅल्यूट ठोकला आणि पुढच्या जागेवर बसण्याची विनंती केली. मास्तर पंखाच्या कापडावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग नको म्हणाले.

परतताना मी न राहवून कारण विचारलं. ते स्कूटरवर माझ्या मागे होते, चेहरा दिसत नव्हता.

"माझं काम त्या जागेवरून उतरायचं होतं," ते म्हणाले. "पोरगा तयार झाला की आपण उतरायचं. त्याला एकट्याला सोडायचं." आळंदी रस्त्यावरचा सिग्नल लागला. तो सुटल्यावर ते पुढे बोलले. "घरच्यालाही तसंच सोडलं. छान उडाला. परत यायचं तेवढं सांगायचं राहिलं."

दोन वर्षांनी कंपनीने मलाही अमेरिकेला पाठवलं. मास्तर माझी एक बॅग घेऊन टॅक्सीपर्यंत खाली आले. माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "परत या."

पुढे कंपनीने तिकडेच कायम राहता का, असं विचारलं. सोबतचे सगळे राहिले. मास्तर तोवर गेले होते. मला ते कळलं होतं. तरी मी परत आलो.