शिगवणचा लॅपटॉप घरी पोचवताना

डिसेंबरचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. स्थळ आमच्या युनिटचं स्टोअर. हजर चौघे: कॅप्टन साहेब, सुभेदार साहेब, स्टोअरचा क्लार्क आणि मी, हवालदार राऊत, सिग्नल्स. नायक महेश शिगवणचं सामान मोजायचं होतं. पाकिटात रोख निघाले दोन हजार तीनशे साठ रुपये.

महेश तीन आठवड्यांपूर्वी गेला. टेलिफोनची लाइन तुटली होती, ती जोडायला तो पार्टी घेऊन वर गेला आणि बर्फाचा कडा घसरला. बाकीचे दोघे वाचले. त्याचा देह तेव्हाच गावी पाठवला होता. सामान मागे राहिलं होतं: एक काळी ट्रंक, कपडे, घड्याळ आणि एक लॅपटॉप.

हा लॅपटॉप वर डोंगरातल्या पोस्टवर नेता येत नसे. तो खाली स्टोअरमध्ये जमा असायचा. महेश खाली उतरला की तेवढ्यापुरता काढून घ्यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि मुलीसाठी बोलून ठेवायचा. वर असताना फोन लागत नसे; तेव्हा सांगायचं राहिलेलं तो असं साठवायचा. सुट्टीवर जाईन तेव्हा सगळं एकदम ऐकवीन, म्हणायचा. तपासणीत एकोणीस रेकॉर्डिंग निघाली. शेरा पडला: घरगुती, हरकत नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एस्कॉर्ट म्हणून माझं नाव आलं, कारण मी नागावचा आणि महेश दिघीच्या आतल्या गावचा. जिल्हा एक.

सुभेदार साहेब म्हणाले, "राऊत, ट्रंक हरवली तर दुसरी देता येईल. हा दुसरा मिळणार नाही."

"जी साहेब."

वायरलेस सेट हलवताना जे करतो तेच केलं. लॅपटॉप पूर्ण बंद केला, नुसता झाकला नाही. चार्जर वेगळा बांधला, म्हणजे त्याची पिन पडद्यावर दाबली जाणार नाही. लॅपटॉप लोकरी बनियनमध्ये गुंडाळला, त्यावर जाड प्लॅस्टिक. ट्रंकेत ठेवला नाही, कारण ट्रंका फेकल्या जातात. छातीशी पिट्टू, म्हणजे आमची पाठपिशवी, आणि पिट्टूत लॅपटॉप. कॉन्व्हॉयमध्ये तो मांडीवर होता. ट्रान्झिट कॅम्पमध्ये उशाला होता. रेल्वेत बर्थखाली ठेवला नाही. समोरच्या बर्थवरचा एक जवान हसून म्हणाला, "उस्ताद, लॅपटॉप आहे की नवी नवरी?" पाचव्या दिवशी आगरदांड्याला पोचलो.

खाडीपलीकडे दिघीला नेणाऱ्या फेरीबोटीवर वारा होता, पाणी उडत होतं. मी आत गाडीच्या आडोशाला पिट्टू पोटाशी धरून बसलो. दोर सांभाळणारा खलाशी म्हणाला, "सायेब, पोर हाय का काय त्यात? जरा श्वास घेऊ द्या त्याला!"

"शिगवणचं सामान आहे," मी म्हणालो.

त्याला ते नाव माहीत होतं. त्याने डोक्याचा रुमाल काढला. मग स्वतःची ताडपत्री आणून माझ्या गुडघ्यांवर टाकली. दिघीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पिट्टू बाहेरूनसुद्धा कोरडा होता.

महेशचा धाकटा भाऊ नरेश टेम्पो घेऊन आला होता. साडेचारला घरी पोचलो. अंगणात महेशची आई, बायको सुजाता, शेजारची दोन-चार माणसं. मुलगी तन्वी, इयत्ता दुसरी, आईचा पदर धरून उभी होती.

सामान घेणाऱ्याने प्रत्येक वस्तू पाहून सही करायची असते. म्हणून ट्रंक अंगणातच उघडली. कपडे, घड्याळ, पाकीट दिलं. शेवटी ट्रंकेचं झाकण लावून त्यावर लॅपटॉप ठेवला, प्लॅस्टिक आणि बनियन काढलं आणि पडदा उघडून दाखवला. एक ओरखडा नव्हता. आता चालू करून दाखवायचा, एवढंच राहिलं होतं.

महेशची आई आत गेली होती. ती कळशी घेऊन बाहेर आली. आमच्याकडे मरणाच्या ठिकाणाहून आलेल्या वस्तूवर पाणी शिंपडून मगच ती उंबऱ्याआत नेतात. मला वाटलं, ती चार थेंब शिंपडेल. तिने कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी ओतली.

पाणी कीबोर्डवर पडलं, पत्र्यावर वाजलं आणि अंगणातल्या सारवणावर पसरलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. माझे हात हललेच नाहीत. गोळीबार झाला तेव्हाही माझं असं झालं नव्हतं.

"आये, काय केलास ह्ये!" नरेश ओरडला. त्याने लॅपटॉप उचलला आणि बोट बटणाकडे नेलं. "चालतो का बघतो."

"हात काढ!" माझा आवाज परेडवरचा निघाला. "बटन दाबायचं नाही! कोणीच नाही!"

नरेशने बोट मागे घेतलं. तन्वी रडायला लागली.

नुसत्या पाण्याने मशीन लगेच मरत नाही. ओल्या मशीनमध्ये करंट सोडला की मरतं. मी लॅपटॉप तंबूसारखा उपडा उभा केला. पाणी निथळलं. माझ्याकडे पेचकस होता. मागचे नऊ स्क्रू काढले, बॅटरी सोडवली. शेजारच्या काकी सूपभर तांदूळ घेऊन आल्या. "ह्यात घाला सायेब, फोन सुकतो तसा सुकंल."

"नको काकी. कणी आत जाईल. त्याचा भात लावा."

मग आईकडे पाहिलं. ती रिकामी कळशी धरून ओटीवर बसली होती.

"सुजा म्हनाली, त्यात त्याचा आवाज हाय. खरं काय?"

"खरं, आई."

"मला कुनी सांगितलान न्हाय." तिने कळशी खाली ठेवली. "मरताना त्याच्या तोंडात पानी घालाया कुनी नव्हता. पेटी आली ती बंद. म्हटलं, निदान त्याच्या वस्तूंना तरी पोटभर देऊ."

सुजाताने कळशी उचलून आत नेली.

मी युनिटला फोन लावला.

"सामान पोचलं?" सुभेदार साहेब.

"पोचलं. लॅपटॉप भिजला."

"खाडीत?"

"दारात, साहेब."

"रेकॉर्डिंग?"

"सांगता येत नाही."

"सांगता येईपर्यंत तिथेच थांब."

तीन दिवस लॅपटॉप माळ्यावर पंख्याखाली उघडा ठेवला. मी नरेशच्या खोलीत झोपायचो. डोळा लागला की पत्र्यावर पाणी वाजायचं. चौथ्या दिवशी सकाळी नरेश, आई आणि मी श्रीवर्धनला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तन्वी शाळेत होती. तिला काही सांगितलं नव्हतं. आईने कंबरेच्या पिशवीत महेशचं पाकीट घेतलं होतं.

दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "बोर्ड गेला. हा आता चालू होत नाही. डिस्क वेगळी लावून बघतो."

त्याने डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली. आम्ही काउंटरशी उभे राहिलो. पडद्यावर फाइली आल्या. मी मोजल्या. एकोणीस.

"एक लावून बघू?" त्याने विचारलं.

आईने मान हलवली.

"तन्वी, बाबा बोलतोय. आज वर जायचंय, लाइन जोडायला. तुझा दात पडला का? सांग. ओव्हर."

वायरलेसवर ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. बोलणं संपलं की आउट म्हणतात. महेश आउट म्हणाला नव्हता. ओव्हर म्हणून तो थांबला होता आणि रेकॉर्डिंग चालूच होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. तो तिकडे तन्वीच्या उत्तराला जागा सोडून बसला होता.

आई काउंटरवर वाकली. "पानी पिलास का रं, बाबा?"

पलीकडे श्वास. मग रेकॉर्डिंग संपलं. दुकानदाराने तोंड फिरवलं आणि उगाच तारा गुंडाळू लागला.

त्याने सगळ्या फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. एक घरासाठी, एक नरेशकडे. बिल झालं चौदाशे. मी खिशात हात घातला. आईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. पानी मी वतलं. आनि पैसं त्याचंच हायत, त्याच्याच पोरीसाठी."

तिने महेशच्या पाकिटातून चौदाशे मोजून दिले. नऊशे साठ उरले.

"पावती कोणाच्या नावानं करू?" दुकानदाराने विचारलं.

"म्हेशच्या," ती म्हणाली.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हुद्द्यासकट पूर्ण नाव सांगितलं आणि त्याने तसंच लिहिलं: नायक महेश शिगवण, सिग्नल्स, यांच्याकडून रोख चौदाशे रुपये मिळाले.