कॅप्टनने जिंकलेली टेकडी

सलूनवाल्याला सगळे कॅप्टन म्हणत आणि त्यालाही ते आवडे. तरुणपणी तो ज्या लढाईवर गेला होता, ती मुळात झालीच कशाला, यावर गिऱ्हाइकं अजूनही हमरीतुमरीवर येत. पण कॅप्टनने एकट्याने टेकडी जिंकली, याबद्दल मात्र दुमत नव्हतं. गळ्यावर वस्तरा टेकवलेल्या माणसाशी वाद घालणार कोण?

मग त्या लढाईविरुद्ध माहितीपट काढणाऱ्या बाई आल्या. कॅप्टनने मिशीला कलप लावला, कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कॅमेऱ्यासमोर बसला. दिवे लागले मात्र, गड्याची दातखीळच बसली. हात रिकामे ठेवून तो जन्मात कधी बोलला नव्हता.

"कुणाला तरी खुर्चीत बसवा," बायको म्हणाली. "वस्तरा हातात आला की तोंडाचा पट्टा आपोआप सुटतो यांच्या."

मेहुण्याची दाढी सकाळीच झाली होती. तरी तोच सापडला.

"दाजी, जपून हं," तो फेसातून म्हणाला.

हात चालू लागला, तोंडही. पण हाताखाली गाल आणि समोर कॅमेरा, कॅप्टनला टेकडीची गोष्ट काही सुचेना.

"मी कसला लढतोय? छावणीत दाढ्या करायचो. हल्ल्याच्या आदल्या दिवशी पोरं रांग लावून बसली. कित्येकांना तर दाढी फुटलीही नव्हती. करा म्हणाले, केली. पुढच्या आठवड्यात पाणी तापवून बसलो. कुणी आलंच नाही."

बोलण्याच्या नादात त्याने मेहुण्याची मिशी साफ उडवली. कॅमेरा चालू होता म्हणून बिचारा हूं की चूं करू शकला नाही.

माहितीपट गावभर दिसला आणि कॅप्टनचं पितळ उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी सलून ओस. आता लोक पायरी चढणार नाहीत, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला.

"पुन्हा थाप मारणार नाही," त्याने बायकोला वचन दिलं.

"मग दिवसभर करणार काय?" ती म्हणाली.

तेवढ्यात एक म्हातारी आत आली. तिने पदराआडून एक फोटो काढला.

"माझा मुलगा. त्या रांगेत होता का हो?"

कॅप्टनने फोटो उजेडात धरला. चेहरा काही केल्या आठवेना.

"होता की," तो म्हणाला. "दाढी कुठली, नुसती लव. पण हटूनच बसला. म्हणाला, घरी गेल्यावर आईला मी मोठा दिसलो पाहिजे."

"असाच होता हट्टी," म्हातारी म्हणाली आणि रडता रडता हसली.

नवऱ्याला प्रत्येक थापेबद्दल बायको आजवर घरात टोकत आली होती. या वेळी तिने म्हातारीसाठी खुर्ची पुढे सरकवली.