ताईची गोष्ट वेगळी

"हात पूस आणि आधी ओट्यापासून बाजूला हो. घट बसलेत घरात!"

मॅडम ओरडल्या तेव्हा पोळीचा उंडा माझ्या हातातच होता. मी एवढंच म्हटलं होतं, दोन दिवस सुट्टी हवी, पोट पाडायचंय. त्यांनी परात उचलली आणि मळलेली कणीक कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्यासमोर. आठ वर्षं माझ्याच हातच्या पोळ्या खात होतं ते घर.

ही परवाची गोष्ट. गंगापूर रोडवरचा बंगला, मी तिथं स्वयंपाकाला. मला दोन मुलं. दुसरीच्या वेळी रक्त थांबेना, मरता मरता वाचले. आता तिसरं नको, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. तरी राहिलं. तिसरा महिना लागलाय. नवरा घोटीला राईस मिलमध्ये, आठवड्यानं घरी येतो. "तू बघ," म्हणाला. मी काय बघू? माझी मुलं पोरकी होतील, एवढंच डोक्यात घोळत होतं. म्हणून मॅडमना सांगितलं. दुसरं शिकलेलं माणूस माझ्या ओळखीचं होतं कोण?

"तुमच्या लोकांना काहीच कसं वाटत नाही गं? जीव आहे तो."

मी मान खाली घातली. खोटं कशाला सांगू, मलाही पापच वाटत होतं. शेजारणीनं पाडलं तेव्हा नळावर मीच तिला नावं ठेवली होती. लहानपणापासून कानावर तेच पडलेलं.

मग त्यांनी मला घटापुढे उभं केलं. "हात जोड. देवीपुढे शब्द दे, पाडणार नाही म्हणून. तरच उद्या कामाला ये."

माझे हात जुळायला लागले. खरंच जुळत होते.

आणि मला ताई आठवली. मॅडमची मुलगी. गेल्या वर्षी पुण्याहून आली, लग्नाआधीच दिवस गेलेले. मॅडम स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. घरी आणल्यावर मी तिला तूप घालून मऊ भात भरवला. तिच्या केसांवरून हात फिरवत मॅडम म्हणत होत्या, "मनाला लावून घेऊ नकोस. अख्खं आयुष्य पडलंय पुढं."

मी हात सोडले.

"मॅडम, ताईकडून घेतला होता का असा शब्द?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तिची गोष्ट वेगळी."

"काय वेगळं?"

त्या घटापुढचा दिवा सारखा करू लागल्या. चपला घातल्या नि निघाले. रस्ताभर रडले. काम गेलं, पोटातली भीती तशीच.

घरी न जाता त्या शेजारणीच्या दारात गेले. माफी मागितली. तिनं मला हाताला धरून आत घेतलं. म्हणाली, "नवऱ्याची सही मागतील. घाबरू नको. कायद्यानं आपली एकटीची पुरते."

उद्या सरकारी दवाखान्यात जातेय. ती सोबत येईल. मला मरणाची भीती वाटतेय. ताईचं नाव मी कुठंही घेणार नाही, तिचं काही चुकलं नव्हतं. माझंही चुकलेलं नाही. कागदावर सही मी करणार, आणि ती करताना कुणापुढे मान खाली घालणार नाही.